ही ओळ कुणाची?

१९९६ सालच्या सुरुवातीला युरोपीय महासंघाच्या 'सेम्पर' नावाच्या प्रकल्पात एक छोटा निर्णय झाला. इंटरनेटवर सुरक्षितपणे खरेदी-विक्री कशी करता येईल, याचा शोध घेणारा हा प्रकल्प होता आणि त्याचं बरंचसं काम जावात चाललं होतं. जावा तेव्हा अगदी नवी होती. सन मायक्रोसिस्टिम्सने तिची १.० आवृत्ती त्याच जानेवारीत काढली होती. चालू प्रोग्रॅमच्या पोटात काय घडतंय ते लिहून ठेवायची सोय या भाषेत नव्हती. होती ती एकच ओळ, जावा शिकणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी लिहितो ती: सिस्टिम डॉट आउट डॉट प्रिंट-एल-एन. पडद्यावर अक्षरं उमटतात, पण कधी उमटली, कुठल्या भागाने उमटवली, महत्त्वाची होती की किरकोळ, यातलं काहीच कळत नाही. सेम्परवाल्यांनी ठरवलं, नोंदी ठेवायची लायब्ररी आपणच लिहू.

त्या लायब्ररीने पुढे बरेच अवतार घेतले. झुरिकजवळ रुश्लिकोनला आयबीएमची संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे काम करणाऱ्या जेकी ग्युल्जू यांनी तिला वाढवलं, घासलं-पुसलं, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये आयबीएमच्या अल्फावर्क्स या संकेतस्थळावरून ती 'लॉगफोरजे' या नावाने सर्वांसाठी खुली झाली. लवकरच ती अपाचीच्या जाकार्ता प्रकल्पात गेली आणि तिथून जगभर.

लॉगफोरजेची रचना इतकी नेटकी होती की आजही लॉगिंगची बहुतेक साधनं तिच्याच वळणावर चालतात. प्रत्येक नोंदीला पायरी: डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, फेटल. नोंद कोण करतो ते लॉगर ठरवतो, ती कुठे जाते ते अपेंडर ठरवतो, ती दिसते कशी ते लेआउट ठरवतो. लॉगरची नावं पॅकेजच्या नावांप्रमाणे एकाखाली एक उतरणारी. त्यामुळे एका अख्ख्या भागाच्या नोंदी वाढवायच्या तर बाहेरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये एक ओळ बदलली की झालं, कोडला हात लावायला नको. आणि नोंद बंद असेल तर तिचा खर्च जवळजवळ शून्य असला पाहिजे, याबद्दल ग्युल्जू फार काटेकोर होते. ज्याने बँकेचा सर्व्हर महिनाअखेरीच्या गर्दीत सांभाळला आहे, त्याला या काटेकोरपणाची किंमत कळते.

इथपर्यंत सगळं सरळ होतं, कारण इथपर्यंत गोष्ट एका प्रोग्रॅमची होती. गुंता झाला तो अनेक प्रोग्रॅम एका छपराखाली राहायला आल्यावर.

एका छपराखाली

१९९९ मध्येच सनने आपला सर्व्हलेट सर्व्हर अपाचीला देऊन टाकला. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेला हा सर्व्हर म्हणजे टॉमकॅट. त्याच काळात आयबीएमचा वेबस्फिअर, बीईएचा वेबलॉजिक, आणि खुल्या गोटातला जेबॉस पुढे आले. या सगळ्यांमागचा विचार एकच: मशीन महाग, मेमरी त्याहून महाग, तेव्हा एकच जावा प्रोसेस चालवायची आणि तिच्यात दहा-वीस वेब अ‍ॅप्लिकेशन्स बसवायची. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन एका वॉर फाइलमध्ये बांधून यायचं. आत वेब-इन्फ नावाचा फोल्डर, त्यात लिब, आणि लिबमध्ये त्याला लागणाऱ्या जार फाइली.

मग साहजिक प्रश्न आला. वीस अ‍ॅप्लिकेशन्सना तीच लॉगफोरजेची जार लागते, तर वीस प्रती कशाला? एक प्रत सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवू, सगळे तिथूनच घेतील. टॉमकॅट ४ आणि ५ मध्ये त्यासाठी तीन वेगळ्या जागा होत्या: कॉमन, शेअर्ड आणि सर्व्हर. कॉमनमधलं सर्व्हरलाही दिसायचं आणि अ‍ॅप्लिकेशन्सनाही. शेअर्डमधलं फक्त अ‍ॅप्लिकेशन्सना. सर्व्हरमधलं फक्त टॉमकॅटला. कुठली जार कुठे टाकायची यावर तेव्हा टीममध्ये खरोखर वाद व्हायचे.

सामाईक जारची सोय चाळीतल्या सामाईक नळासारखी होती: पाणी सगळ्यांना मिळतं, खर्च वाचतो, आणि एकाने तोटी फिरवली की सगळ्यांचा दाब बदलतो. लॉगफोरजेच्या बाबतीत तोटी फिरायची ती अशी. लॉगर्सचा सगळा पसारा ही लायब्ररी एका स्टॅटिक जागेत ठेवायची. जार एक, म्हणजे पसारा एक, म्हणजे सेटिंग एक. पहिलं अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना आपली प्रॉपर्टीज फाइल वाचून सांगायचं, नोंदी अमुक फाइलमध्ये टाका. दुसरं उठायचं आणि सांगायचं, तमुक फाइलमध्ये टाका. शेवटी जो उठला त्याचं चालायचं. पगाराच्या अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदी रजेच्या अ‍ॅप्लिकेशनच्या फाइलमध्ये सापडायच्या, आणि रात्री काही बिघडलं की समोर आलेली एररची ओळ नक्की कुणाची, हे शोधण्यातच तास जायचा.

यावर सरळ उत्तर होतं: ज्याची जार त्याच्याकडे. पण ते उत्तर चालेल की नाही, हे क्लासलोडर ठरवतो. इथे जरा थांबून ते यंत्र नीट पाहायला हवं, कारण पुढची पंधरा वर्षं सगळं त्याच्याभोवती फिरत राहिलं.

जावात प्रत्येक क्लास कुणीतरी लोड केलेला असतो, आणि लोड करणारा हा क्लासच्या ओळखीचा भाग असतो. शेंग लियांग आणि गिलाड ब्राखा यांनी १९९८ साली ऊप्सला परिषदेत मांडलेल्या निबंधात हे स्पष्ट केलं होतं: क्लासची ओळख म्हणजे त्याचं नाव अधिक त्याचा लोडर. नाव तेच, बाइटही तेच, पण लोडर दोन असले तर जावाच्या लेखी ते दोन वेगळे क्लास. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या जावा १.२ ने लोडर्सना एका शिडीवर बसवलं आणि नियम घातला की कुठलाही क्लास हवा असेल तर आधी वरच्याला विचारायचं. त्याच्याकडे नसेल तरच स्वतः शोधायचं. सुरक्षेसाठी हा नियम उत्तम. पण २००१ मध्ये आलेल्या सर्व्हलेट २.३ च्या मसुद्याने वेब अ‍ॅप्लिकेशन्सना उलटं सुचवलं: आधी स्वतःच्या वेब-इन्फमध्ये बघा, मग वर विचारा. हेतू चांगला होता. सर्व्हरकडे जुनी आवृत्ती असली तरी अ‍ॅप्लिकेशनला आपली नवी वापरता यावी.

टॉमकॅटने ही सूचना मानली. वेबस्फिअरने दोन्ही पर्याय कन्सोलवर ठेवले, पेरेंट फर्स्ट आणि पेरेंट लास्ट. वेबलॉजिकमध्ये वेब-इन्फला प्राधान्य द्या, असं त्याच्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहावं लागायचं. जेबॉसने सुरुवातीला वेगळीच वाट धरली होती: सगळ्यांचे क्लास एका मोठ्या सपाट साठ्यात, आणि एकाने आणलेला क्लास दुसऱ्यालाही दिसतो. म्हणजे एकाच वॉर फाइलचं वागणं चार सर्व्हरांवर चार तऱ्हांचं. जावाचं घोषवाक्य एकदा लिहा आणि कुठेही चालवा असं होतं. या एका बाबतीत ते खोटं पडलं, असं मला स्पष्टपणे वाटतं, आणि त्याचा भार सर्व्हर बनवणाऱ्यांनी उचलला नाही. तो वापरणाऱ्यांवर पडला.

दुसरी लायब्ररी, मग तिसरी

लॉगफोरजे लोकांनी उचलून धरली होती, तेव्हा सनने जावातच लॉगिंग आणायचं ठरवलं. जेएसआर ४७ या क्रमांकाने तो मसुदा निघाला. प्रमुख होते ग्रॅहम हॅमिल्टन. २००१ मध्ये ग्युल्जू यांनी जाहीरपणे कळवळून मांडलं की लॉगफोरजे तयार आहे, कसाला लागलेली आहे, तीच घ्या. सनने घेतली नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये जावा १.४ बरोबर नवी लायब्ररी आली, तिच्या पायऱ्यांची नावंही निराळी: सिव्हिअर, वॉर्निंग, इन्फो, कॉन्फिग, फाइन, फायनर, फायनेस्ट. सर्व्हरच्या दृष्टीने तिच्यात मोठी उणीव होती. तिचा लॉगमॅनेजर अख्ख्या जावा प्रोसेसला एकच. तो जावाच्या पोटातच असल्यामुळे त्याची वेगळी प्रत वेब-इन्फमध्ये ठेवण्याचा मार्गही नाही. लॉगफोरजेची सामाईक प्रत ठेवायची की नाही हे निदान तुमच्या हातात होतं; इथे ती सामाईकच होती.

आता दोन लायब्ररी झाल्या, आणि तिसऱ्यांसाठी कोड लिहिणारे कात्रीत सापडले. समजा तुम्ही एक्सएमएल वाचायची लायब्ररी लिहिताय. नोंदी कुणाकडे द्यायच्या? वापरणारा लॉगफोरजेचा असेल की सनच्या लायब्ररीचा, हे तुम्हाला कसं कळावं? म्हणून २००२ मध्ये जाकार्ता कॉमन्स लॉगिंग आली. रॉड वॉल्डहॉफ, आणि टॉमकॅट ४ चा गाभा रचणारे क्रेग मॅक्लॅनहन यांचा तिच्यात हात होता. ती स्वतः जवळजवळ काहीच लिहीत नव्हती. मध्ये उभी राहून चालू स्थितीत शोध घ्यायची की इथे लॉगफोरजे आहे का, असेल तर नोंद तिच्याकडे, नसेल तर सनच्या लायब्ररीकडे.

तो शोध ती घ्यायची थ्रेडला चिकटवलेल्या क्लासलोडरच्या मार्फत. टॉमकॅटवर तो अ‍ॅप्लिकेशनचा लोडर असायचा. आणि इथे गाठ बसायची. कॉमन्स लॉगिंगची एक प्रत सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमध्ये, कारण सर्व्हरलाच ती लागते. दुसरी वेब-इन्फमध्ये, कारण अ‍ॅप्लिकेशनबरोबर ती आपसूक आली. वरच्या प्रतीने थ्रेडच्या लोडरमार्फत खाली हात घालून लॉगफोरजेचा जोड मिळवला, तो जोड खालच्या प्रतीतला, आणि मग तपासलं की हा 'लॉग' या इंटरफेसचा आहे का. नाव तंतोतंत तेच. पण लोडर दुसरा. उत्तर: नाही.

पडद्यावर येणारा संदेश त्या काळात काम केलेल्यांना आजही पाठ असेल. त्याचा आशय असा: क्लासलोडरांची उतरंड चुकीची आहे; 'लॉग' या इंटरफेसच्या एकाहून अधिक आवृत्त्या दिसताहेत, आणि त्याला परवानगी नाही. पुण्यात हिंजवडी-मगरपट्ट्याला, मुंबईत सीप्झमध्ये, परदेशातल्या बँका आणि विमा कंपन्यांची अ‍ॅप्लिकेशन्स रात्रपाळीत सांभाळणाऱ्या मराठी मुलामुलींची एक पिढी हा संदेश वाचत मोठी झाली. 'एक जार उडव आणि रीस्टार्ट मार' हा त्यावरचा तोंडी उपाय. कुठली उडवायची हे मात्र सर्व्हरगणिक बदलायचं.

दुसरा त्रास दिसायला उशीर लागायचा. अ‍ॅप्लिकेशन बंद करून नव्याने डिप्लॉय केलं की जुन्याची मेमरी मोकळी व्हायला हवी. पण कॉमन्स लॉगिंगची सामाईक प्रत आपल्या यादीत प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनचा लोडर धरून ठेवायची. एक लोडर धरला की त्याने आणलेले सगळे क्लास धरले गेले. चार-पाच वेळा डिप्लॉय केलं की 'पर्मजेन स्पेस' संपल्याची एरर, आणि सगळा सर्व्हर आडवा, शेजारच्या निर्दोष अ‍ॅप्लिकेशन्ससकट. बंद होताना रिलीज करायची एक पद्धत दिलेली होती. ती बोलावणारे थोडे. २००६ च्या १.१ आवृत्तीत ही पकड बरीच सैल केली गेली.

वॉल्डहॉफ यांनी पुढे या लायब्ररीची जबाबदारी उघडपणे स्वतःवर घेतली, आणि ती मुळात दुसऱ्यांच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये जाऊन बसणाऱ्या लायब्ररींसाठी होती, हेही सांगितलं. मला हे प्रामाणिक वाटतं. तिच्यात दोष होते, पण तिने हात घातलेला प्रश्न खरा होता.

कॅटलिना डॉट आउट

या सगळ्या थोर चर्चांच्या खाली एक साधी फाइल होती. टॉमकॅटला उठवणारी स्क्रिप्ट स्टँडर्ड आउटपुट आणि एररचा सगळा ओघ कॅटलिना डॉट आउट नावाच्या फाइलकडे वळवते. ज्याने लॉगर न वापरता प्रिंट-एल-एन लिहिलं, ज्याची एरर कुणी पकडली नाही, ते सगळं तिथे. आणि ती फाइल आपणहून कधीच पालटत नाही. वाढतच राहते.

रात्रपाळीतलं संभाषण साधारण असं व्हायचं.

"सर, डिस्क शंभर टक्के भरलीय."

"कॅटलिना बघितलीस?"

"हो, तीच. उडवली मी, तरी जागा परत येईना."

"अरे, उडवायची नसते ती! टॉमकॅटने धरून ठेवलीय अजून."

युनिक्सवर फाइल डिलीट केली तरी जोवर एखादी प्रोसेस ती उघडी धरून आहे तोवर जागा मोकळी होत नाही. नाव जातं, बाइट राहतात, आणि आता तर ती दिसतही नाही. योग्य मार्ग म्हणजे फाइल तशीच ठेवून आत रिकामी करायची. लॉगरोटेटमध्ये त्यासाठी कॉपीट्रंकेट नावाचा पर्याय आहे. ही माहिती टीममध्ये पुस्तकातून यायची नाही. आदल्या पाळीतला पुढच्याला सांगायचा.

टॉमकॅट ५.५ ने सनच्या लॉगिंगचं दुखणं आपल्या परीने बरं केलं. त्यांनी 'जुली' नावाचा स्वतःचा लॉगमॅनेजर लिहिला, जो प्रत्येक क्लासलोडरसाठी वेगळं सेटिंग ठेवतो. आता अ‍ॅप्लिकेशनला आपली लॉगिंग प्रॉपर्टीज फाइल आपल्याच वेब-इन्फमध्ये ठेवता आली. आणखी एक अडचण होती: सनच्या रचनेत हँडलर त्याच्या क्लासच्या नावानेच ओळखला जायचा, त्यामुळे एकाच जातीचे दोन फाइल-हँडलर वेगळ्या सेटिंगने लावता येत नसत. जुलीने नावाच्या पुढे अंकाने सुरू होणारा तुकडा जोडायची मुभा दिली. म्हणून टॉमकॅटच्या लॉगिंग फाइलमध्ये आजही १ कॅटलिना, २ लोकलहोस्ट अशी विचित्र दिसणारी नावं आहेत. नव्या माणसाला ती चूक वाटते. ती एका जुन्या अडचणीवरची मेहनतीची तोड आहे.

टॉमकॅट ६ ने आणखी दोन गोष्टी केल्या. कॉमन्स लॉगिंगची प्रत आपल्या पॅकेजच्या नावाखाली आत घेऊन टाकली, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनच्या प्रतीशी तिची टक्करच होणार नाही. आणि कॉमन, शेअर्ड, सर्व्हर हे तीन फोल्डर मोडून एकच लिब केला. शेअर्ड हवाच असेल तर प्रॉपर्टीज फाइलमध्ये वाट लिहून मागून घ्या. सामाईक जारची प्रथा इथून मावळत गेली.

ग्युल्जू तोवर पुन्हा कामाला लागले होते. कॉमन्स लॉगिंगच्या क्लासलोडर-दोषांची त्यांनी उदाहरणांसह फोड करून दाखवली आणि २००५ मध्ये एसएलएफफोरजे काढली. मध्यस्थाचं काम तेच, पण चालू स्थितीत शोधाशोध नाही. कुठल्या लायब्ररीशी जोडायचं ते जोडजारवरूनच ठरायचं. प्रत्येक जोडजारमध्ये एकाच ठरावीक नावाचा क्लास, जो सापडला तोच लागू. पुढच्याच वर्षी लॉगबॅक आली, लॉगफोरजेची वारसदार म्हणून. जुन्या लायब्ररींच्या नोंदी नव्याकडे वळवणारे पूलही त्यांनी दिले. दोन उलट दिशांचे पूल चुकून एकत्र पडले की नोंद इकडून तिकडे फिरत स्टॅक फुटेपर्यंत थांबायची नाही, हा त्यातला धोका. पण एकूण हा उपाय टिकला.

२०११ मध्ये जेबॉस ७ ने सपाट साठा टाकून प्रत्येक जारला मॉड्यूल केलं आणि कुणाला काय दिसेल ते लिहून ठरवायला लावलं. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आलं आणि प्रश्नच उलटा झाला. सर्व्हरमध्ये अ‍ॅप्लिकेशन बसवण्याऐवजी अ‍ॅप्लिकेशनच्या पोटातच टॉमकॅट. एक मोठी जार, तिच्यात सगळ्या छोट्या जार. मग डॉकर, आणि त्याच्या जोडीने हा आग्रह की अ‍ॅप्लिकेशनने फाइलींची काळजी करूच नये, नोंदी सरळ स्टँडर्ड आउटपुटवर टाकाव्यात, बाकीचं भोवतालची यंत्रणा बघेल. क्लासलोडरची भांडणं विरली. प्रत्येकाचं सगळं प्रत्येकाकडे.

कोलनचा नियम

दरम्यान अपाचीत राल्फ गोअर्स यांच्या पुढाकाराने लॉगफोरजे नव्याने लिहिली जात होती. लॉगफोरजे २, जुलै २०१४ मध्ये पक्की. वेगवान, आणि तिच्यात 'लुकअप' नावाची सोय: डॉलर आणि महिरपी कंसात काही लिहिलं की लायब्ररी तिथे खरी किंमत भरते. जावाची आवृत्ती, एन्व्हायरन्मेंटमधलं एखादं मूल्य, वगैरे.

२०१३ च्या जुलैमध्ये त्यात जेएनडीआय लुकअप घालण्याची मागणी आली आणि सप्टेंबरच्या बीटा ९ मध्ये ती मान्यही झाली. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर ज्या निर्देशिकेतून प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला त्याची माहिती देतो, ती जेएनडीआय. या सोयीचं अधिकृत माहितीपत्रकातलं उदाहरण मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. नोंदीच्या नमुन्यात तारीख, पायरी, लॉगरचं नाव, थ्रेड, आणि मग जेएनडीआयमधून आणलेलं 'कॉन्टेक्स्ट नेम'. म्हणजे ही ओळ कुठल्या अ‍ॅप्लिकेशनची, ते ओळीतच छापायचं. एका सर्व्हरवर अनेक अ‍ॅप्लिकेशन्स असताना लोकांना जे हवं होतं, नेमकं तेच.

त्याच माहितीपत्रकात आणखी एक वाक्य होतं. दिलेल्या नावाला आपण आपोआप अ‍ॅप्लिकेशनच्या स्वतःच्या निर्देशिकेची वाट जोडतो. पण नावात कोलन असेल तर जोडत नाही. कोलन असलेला पत्ता कुठलाही असू शकतो. दूरच्या एलडॅप सर्व्हरचासुद्धा. जेएनडीआयला परका पत्ता दिला तर परका कोड चालवता येतो, हे २०१६ च्या ब्लॅक हॅट परिषदेत अल्वारो मुन्योझ आणि ओलेक्सांद्र मिरोश यांनी सविस्तर दाखवलं होतं. पण लुकअप फक्त सेटिंगच्या फाइलीत नव्हे, तर नोंदीच्या मजकुरातही उलगडला जातो, हे कुणी त्याच्याशी जोडून पाहिलं नाही. नोंदीचा मजकूर बाहेरच्या माणसाकडून येतो. लॉगिन करताना टाकलेलं नाव, ब्राउझरची ओळख, चॅटमधला संदेश.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा पथकातले चेन झाओजुन यांनी अपाचीला हे कळवलं. ९ डिसेंबरला, गुरुवारी, ते जगजाहीर झालं. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाइप करून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. धोक्याच्या मापनात त्याला दहापैकी दहा मिळाले.

मार्गशीर्षातला तो शनिवार-रविवार भारतातल्या हजारो घरांत लॅपटॉपसमोर गेला. आणि तेव्हा जुन्या वादाची दुसरी बाजू समोर आली. जिथे लॉगफोरजे सामाईक लिबमध्ये होती, तिथे एक फाइल बदलून सर्व्हर रीस्टार्ट केला की काम संपत होतं. जिथे प्रत्येकाची प्रत प्रत्येकाकडे, तिथे आधी शोधायचं होतं की ती आहे कुठे. वॉरच्या आत जार, जारच्या आत जार, विकत आणलेल्या उत्पादनाच्या आत, प्रिंटरच्या आणि कॅमेऱ्याच्या व्यवस्थापन-सॉफ्टवेअरच्या आत. काही ठिकाणी तर क्लास उचलून दुसऱ्याच नावाच्या जारमध्ये मिसळलेले. फाइलचं नाव शोधून ती सापडायचीच नाही. लोक झिप कमांडने जार उघडून तिच्यातला जेएनडीआय लुकअपचा एक क्लास तेवढा काढून टाकत होते आणि तशीच जार परत बसवत होते. ओबडधोबड इलाज, पण पक्का.

१० डिसेंबरला आलेली २.१५ पुरी पडली नाही. १३ ला २.१६ आली, तिने जेएनडीआय मुळातच बंद केलं. त्याच आठवड्याच्या शेवटी २.१७, दुसऱ्या एका दोषासाठी. तीन वेळा तेच डिप्लॉय, तेच टेस्टिंग, तीच रात्र. जगाची निम्मी यंत्रणा ज्या लायब्ररीवर उभी होती ती सांभाळणारे मूठभर स्वयंसेवक होते, नोकरी करून उरलेल्या वेळात काम करणारे, आणि त्या दिवसांत त्यांना शिव्याही खाव्या लागल्या. त्या शिव्या अन्यायाच्या होत्या. ज्या कंपन्यांनी ही लायब्ररी फुकट वापरून कोट्यवधी कमावले, त्यांतल्या फार थोड्यांनी त्याआधी या माणसांची विचारपूस केली होती.

जुन्या लॉगफोरजे १ वर अजून असलेले लोक या छिद्रातून बचावले, पण ती आवृत्ती अपाचीने २०१५ मध्येच बंद केली होती आणि तिच्यात दुसरे दोष निघत होते. तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ग्युल्जू यांनीच तिची दुरुस्त केलेली शाखा 'रिलोडफोरजे' म्हणून काढली. जुलैमध्ये अमेरिकेच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाने अहवाल दिला: हा दोष ठिकठिकाणच्या यंत्रणांत दहा वर्षं किंवा त्याहून अधिक काळ मुरलेला राहील.

जेएनडीआय लुकअप लॉगफोरजे २ मध्ये आजही आहे. मुळात बंद असतो. हवा असेल तर स्वतंत्र प्रॉपर्टी लिहून चालू करावा लागतो. चालू केला तरी बाहेरचा पत्ता तो घेत नाही, फक्त सर्व्हरच्या स्वतःच्या निर्देशिकेत बघतो, आणि ही ओळ कुठल्या अ‍ॅप्लिकेशनची तेवढं सांगतो. २०१३ मध्ये त्याच्याकडून तेवढंच हवं होतं.